पत्त्यांची वाटणी

आमच्याकडे अक्कल कमी पडली की पंच बोलावतात, आणि पंच आले की होती तेवढीही संपते. हे मी ऐकीव सांगत नाही. कळंबच्या आमच्या घरी, पुढच्या सोप्यात सतरंजी अंथरून, चहावर चहा ढोसत, गावच्या जाणत्या माणसांनी एका खेळाच्या पत्त्यांची वाटणी केली तेव्हा मी दाराला टेकून उभी होते. जमीन वाटली, ट्रॅक्टर वाटला, म्हशी वाटल्या, इथपर्यंत मला काही म्हणायचं नाही. ज्याला जे कळतं ते त्यानं वाटावं. पत्ते यांच्यापैकी एकालाही कळत नव्हते.

पत्ते म्हटलं की आमच्या गावात लोकांच्या डोळ्यांपुढे तीनपत्ती येते आणि पोलिसांची गाडी दिसताच उसात घुसणारी प्रतिष्ठित मंडळी येतात. तसले हे पत्ते नव्हेत. हा विकत घेऊन जमवायच्या पत्त्यांचा खेळ आहे. बंद पाकीट घ्यायचं, फोडायचं, आत काय निघेल ते आपलं नशीब. प्रत्येक पत्त्यावर चित्र असतं, कुठे राक्षस, कुठे चेटकीण, कुठे साधी बेडकी, आणि खाली तो पत्ता काय करतो ते इंग्रजीत लिहिलेलं असतं. जमलेल्या ढिगातून साठ पत्ते निवडून आपला स्वतःचा कॅट बांधायचा आणि तो समोरच्याच्या कॅटशी लढवायचा. एकाच चित्राचे फार तर चार पत्ते घेता येतात. खेळायला कुणीही शिकतं. खरी अक्कल बांधण्यात लागते, म्हणजे कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं आणि कुणाचं कुणावाचून अडतं हे ओळखण्यात.

बारामतीला कॉलेजच्या होस्टेलवर असताना मी हा खेळ शिकले आणि दिवाळीच्या सुट्टीत एक डबा घरी घेऊन आले. वडिलांनी एकदा डोकावून बघितलं आणि ‘पोरखेळ’ म्हणून निकाल दिला. वडील निकाल आधी देतात आणि सवड मिळाली तर विचार नंतर करतात. काका मात्र हुरळले. काका लोणी देवकरला कंपनीत नोकरीला, म्हणजे घरातले साहेब, आणि शहरातून आलेली वस्तू भारीच असणार अशी त्यांची पक्की समजूत. पगार झाला की ते माझ्या नावानं पाकिटं आणायचे, स्वतःच फोडायचे, चकचकीत पत्ता निघाला की फोटो काढून स्टेटसला ठेवायचे आणि पुन्हा त्याला हात लावायचे नाहीत. या खेळाचा एकही नियम त्यांना आजतागायत माहीत नाही.

खेळल्या त्या दोघी जावा, माझी आई आणि काकू.

आई घरातली थोरली सून. दहावी झालेली, आणि आवाज असा की तिनं परड्यातून हाक मारली की तिसऱ्या वस्तीवरची माणसं ओ देतात. काकू बारामतीची, बी.कॉम., हळू बोलणारी आणि हळूच बोलून नेमकं झोंबणारी. काकू लग्न होऊन आली तेव्हापासून दोघींचं बोलणं दूध, मीठ आणि ‘पाव्हणं किती हायत’ यापलीकडे गेलं नव्हतं. आई मला म्हणायची, “शिकल्याली हाय ती. तिला आपलं कशाला गोड लागतंय?” काकूच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असायचं.

आईला इंग्रजी अक्षरं लागायची, पण वाक्य लागेपर्यंत डाव उरकायचा. म्हणून काकू पत्ते वाचून दाखवायची. एक दिवस आईला संशय आला. तिनं काकूच्या हातातला पत्ता ओढून माझ्यापुढे धरला.

“ही म्हणती ह्यानं माझं दोन जीव जात्यात. तू वाच बरं.”

मी वाचलं. एकच जात होता.

“खोटारडी!” आई ओरडली. “शिकून हेच शिकलीस व्हय?”

मला वाटलं, झालं, आता चूल वेगळी. काकू मात्र मान खाली घालून हसत होती. “अक्का, मग इतकं दिवस तुमी हरताय कशामुळं असं वाटतं तुमाला?”

आई आधी तिच्याकडे बघत राहिली आणि मग जी हसत सुटली ती पदर डोळ्यांना लावूनच थांबली. त्या दिवशी आमच्या घरात दोन बायकांची मैत्री झाली. शेजारच्या बायकांची मैत्री हळदीकुंकवात होते, यांची लबाडी पकडल्यावर झाली. मला ती जास्त खरी वाटते.

मग दुपारची भांडी आवरली की म्हशींच्या धारा काढायच्या वेळेपर्यंत माजघरातल्या दिवाणावर पत्ते पसरलेले असायचे. दोघींनी मिळून एकच कॅट बांधायला घेतला आणि त्यावरून रोज कडाकडा भांडल्या. त्यांनी पत्त्यांची बारशी केली होती. एक सोनेरी अजगर होता, तो डावात उशिरा येतो, सगळं खातो आणि बसून राहतो, तो मामंजी. समोरच्याचं काहीच चालू देत नाही ती काळी चेटकीण, सासूबाई. एक लठ्ठ व्यापारी तुमच्या बाजूला येऊन बसतो आणि जाता जात नाही, तो पाव्हणा. “पाव्हण्याला काढ, नुसता खायला हाय,” आई म्हणायची. “राहू द्या, अडीअडचणीला लागतो,” काकू म्हणायची. यात दोन दुपारी जायच्या.

त्यांचा सगळा कॅट मात्र दोन फालतू पत्त्यांवर उभा होता, एक बेडकी आणि एक कंदील. दोन्ही दिसायला गरीब. काकांनी ती कधी स्टेटसला ठेवली नाहीत. एकटी बेडकी काही करत नाही, एकटा कंदीलही करत नाही, पण दोन्ही एका वेळी हातात आली की समोरच्याची धडगत नाही. ही जोडी काकूनं वाचून काढली आणि तिच्याभोवती बाकीचे पत्ते आईनं लावले. चार बेडक्या, चार कंदील, आणि बाकी सगळे त्यांना लवकर हाताशी आणणारे. मी होस्टेलवर इतकी वर्षं खेळत होते. या दोघींनी मला माझ्याच घरात उभं राहू दिलं नाही.

मग गावच्या सोसायटीची निवडणूक लागली. वडील एका पॅनेलमधून उभे राहिले आणि काका दुसऱ्या. सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध कशासाठी, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. दोघांनाही कुणीतरी गाडीत बसवून फिरवलं होतं आणि ‘तुमच्याशिवाय हाय कोण’ म्हटलं होतं, एवढंच कारण. दोघेही पडले. भांडण तेवढं निवडून आलं. महिन्याभरात पंच सोप्यात येऊन बसले.

सगळं वाटून झाल्यावर, पंच टोप्या शोधायला लागल्यावर, काका म्हणाले, “ते कपाटातलं पत्तंबी वाटा. माझं पैसं गुतल्यात त्यात.”

“वाटू की,” वडील म्हणाले. “मी कुणाचं ठिवून घेणारा न्हाय.”

पंचांतले वयानं मोठे आबा म्हणाले, “हाय काय त्यात?”

“चित्रं हायत,” वडील म्हणाले.

आमच्याकडे वाटणीची रीत अशी की थोरल्यानं दोन वाटे घालायचे आणि धाकट्यानं हवा तो उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करू धजत नाही. रीत चांगली आहे, रानासाठी आहे. वडील मांडी घालून बसले आणि इतकी वर्षं ज्या पत्त्यांकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नव्हतं ते एकेक करून मांडायला लागले. चार बेडक्या होत्या, दोन इकडे, दोन तिकडे. चार कंदील होते, दोन इकडे, दोन तिकडे. चुकून एखादा जास्त पडला तर उचलून दुसरीकडे ठेवत होते. त्यांना इतकं प्रामाणिक काम करताना मी आधी कधी बघितलं नव्हतं. आबा मान डोलवत म्हणाले, “असा भाऊ मिळाया पुण्याई लागती.” पुण्याई असलेला भाऊ तोंड फिरवून मोबाइल बघत होता.

आई आतल्या दारात येऊन उभी राहिली. पंचांपुढे ती कधी बोलली नव्हती.

“ते तेवढं एकत्र ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “ते ह्यांचं न्हाय आन् भाऊजींचंबी न्हाय. आमी दोघी खेळतो.”

“वैनी,” आबा म्हणाले, “एकत्रच ठिवायचं असतं तर आमाला कशाला बोलावलं असतं?”

सगळे हसले. मला त्या हसण्याची आजही चीड येते. काकू तेवढ्यात चहा घेऊन बाहेर आली, सतरंजीवरचे दोन ढीग तिनं बघितले आणि ट्रे खाली ठेवला तो इतक्या जोरात की बशांमध्ये चहा सांडला. तिला कुणी काही विचारलं नाही. सोनेरी अजगर एकच होता, त्याचे दोन तुकडे करता येईनात, तेव्हा सहा महिने एका घरी आणि सहा महिने दुसऱ्या घरी असा तोडगा निघाला, विहिरीच्या पाळीसारखा. या तोडग्यावर पंच फार खूश झाले. पहिली पाळी काकांची लागली आणि तो पत्ता आमच्याकडे कधीच आला नाही. आई म्हणाली, “असू द्या. मामंजींना सांभाळायचं त्यांच्याच नशिबी हाय.”

खेळ न कळणाऱ्याला वाटेल, निम्मे पत्ते तर मिळाले. निम्म्यांनी काही होत नाही. साठ पत्त्यांत बेडकी दोनच आणि कंदील दोनच राहिले की ती जोडी वेळेवर हाताला लागतच नाही. एक येते तेव्हा दुसरा तळाशी पडलेला असतो. दोन्ही घरांना निम्मा कॅट मिळाला आणि दोन्ही घरांत कॅट उरला नाही.

पत्ते गेले याचं मला फारसं काही नाही. बाजारात आणखी मिळतात. पण आईला काकूशिवाय दुसरी मैत्रीण नव्हती. माहेर तुटलेलं, गावातल्या बायकांशी तिचं पटायचं नाही, कारण त्या तिला घाबरायच्या. आता मधे पत्र्याचं कुंपण आलं आणि दोन्ही भावांनी आपापल्या बायकांना बजावलं की पलीकडे पाय ठेवायचा नाही आणि बोलायचंही नाही. सख्ख्या भावांचा अबोला, तो बायकांनी पाळायचा. दोघी पाळतही होत्या, कारण एकीनं मोडला असता तर दुसरीला घरी ऐकून घ्यावं लागलं असतं. सकाळी पाणी यायचं तेव्हा दोघी आपापल्या नळावर उभ्या असायच्या. मधल्या पत्र्यावरून एकमेकींचं डोकं दिसायचं. आई दुपारी दिवाणावर आडवी व्हायला लागली. तिला दुपारी झोपलेलं मी त्याआधी फक्त तापात बघितलं होतं.

आणि मग, ज्यांनी हा खेळ मारला, त्यांनाच त्याचा पुळका आला. काकांनी नवी पाकिटं आणल्याची बातमी कुंपणावरून आली, तशी वडिलांनीही ऑनलाइन मागवली. ‘आपला वाटा कमी पडाया नको.’ आईनं हात लावला नाही, तेव्हा वडील स्वतः कॅट बांधायला बसले. पोरखेळ म्हणणारे हेच ते गृहस्थ. त्यांनी साठ पत्ते निवडले ते सगळे मोठ्यातले मोठे: राक्षस, राजे, सेनापती. छोटा एक नाही. या खेळात मोठा पत्ता खाली उतरवायला आधी छोटे लागतात, हे मी चारदा सांगितलं. त्यांना पटलं नाही. त्यांनी कॅट बांधला तो पॅनेल बांधावं तसा, सगळे पुढारी आणि सतरंजी उचलायला कुणी नाही. कॉलेज संपवून मी आता घरीच होते. मी रोज संध्याकाळी त्यांना हरवायचे आणि ते रोज म्हणायचे, “आज पत्तं नीट पिसलं न्हाईत.”

असं वर्ष उलटून गेलं. मग बारामतीच्या ज्या दुकानात हे पत्ते मिळतात त्यांनी एक स्पर्धा ठेवली. लग्नाचे मुहूर्त नव्हते म्हणून मंगल कार्यालय मोकळं होतं, तिथेच. कुणीतरी वडिलांना सांगितलं की काकांनी काकूचं नाव दिलंय. वडिलांनी त्याच दिवशी आईचं नाव दिलं. नंतर कळलं की काकांनाही कुणीतरी आधी आईचंच नाव सांगितलं होतं. आईला वडिलांनी विचारलं नाही, सांगितलं. आई नाही म्हणेल असं मला वाटत होतं. ती एवढंच म्हणाली, “ती येणार हाय का नक्की?” आणि आपल्या वाट्याचे पत्ते काढून बसली.

कार्यालयात सगळी विशी-पंचविशीतली पोरं होती, पुण्याची, काळे टी-शर्ट घातलेली. नऊवारीतली माझी आई आणि पंजाबी ड्रेसमधली काकू यांच्याकडे ती ‘हॉल चुकला वाटतं’ अशा नजरेनं बघत होती. नाव नोंदवणारा मुलगा शहाणा निघाला. आडनाव एक, गाव एक, हे बघून त्यानं विचारलं, “नातेवाईक असाल तर सांगा, पहिल्या फेरीत वेगळं ठेवतो. एकाच घरातले समोरासमोर आले की लोकांना वाईट वाटतं.”

“आमचा त्यांचा काय संबंध न्हाय,” वडील म्हणाले.

“कायबी संबंध न्हाय,” पलीकडून काका म्हणाले. वर्षभरात दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

मुलानं खांदे उडवले आणि चिठ्ठ्या काढल्या. पहिल्याच फेरीत आईसमोर काकू आली. फेरी ठरावीक वेळेची, एकच डाव, आणि वेळ संपेपर्यंत निकाल लागला नाही तर दोघीही बाद, असं त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. आणखी एक नियम वाचला, की प्रत्येक चाल तोंडानं बोलून करायची, नुसता पत्ता टाकायचा नाही.

दोघी टेबलाशी बसल्या. नवरे आपापल्या बायकोच्या पाठीमागे खुर्च्या टाकून बसले, बैलगाडा शर्यतीला बसतात तसे.

आईनं तळ्याचं चित्र असलेला पहिला पत्ता ठेवला. “मी तळं ठिवते,” ती म्हणाली.

“ठेवा,” काकू म्हणाली. “झालं तुमचं?”

“झालं. तू घे.”

वर्षभरानंतर दोघी एकमेकींशी बोलत होत्या आणि कुणाच्या बापाला हरकत घेता येत नव्हती. नियमच होता.

थोडा वेळ नुसत्या चाली झाल्या. मी हे उतरवते, मी हे अडवते. मग आईनं एक पत्ता उचलला, त्याच्याकडे बघत, चाल बोलायच्याच आवाजात विचारलं, “तुज्या आईच्या गुडघ्याचं काय झालं?”

“ऑपरेशन झालं अक्का. चालतीय आता काठी घेऊन. मी पाव्हणा उतरवते.”

“मला कुणी सांगितलं न्हाय. उतरव. ह्याला अजून ठिवलायस का तू?”

“अडीअडचणीला लागतो.”

“लागतोय! तू काय वाळलीस एवढी? मी काय करत न्हाय, तू घे.”

“झोप न्हाय लागत. मीबी काय करत न्हाय. तुमी घ्या.”

वडील मागून फुसफुसले, “बोलत काय बसलीय, मार की!” पंच पोरगा येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, जरा लवकर खेळा.” आईनं मान डोलावली आणि जरासं लवकर खेळली, म्हणजे आणखी एक पत्ता ओढला.

मी आईच्या खांद्यामागे उभी होते. तिच्या हातात बेडकी होती. तिनं ओढलेला पत्ता कंदील होता. दोनातला एक आणि दोनातला एक, नको त्या दिवशी वेळेवर आले होते. काकूकडे अडवायला काही उरलं नव्हतं. दोन पत्ते टेबलावर ठेवले की झालं. आईनं ते दोन्ही बघितले, एकमेकांशेजारी लावले आणि हाताच्या अगदी कडेला सरकवून ठेवले.

“मी काय करत न्हाय,” ती म्हणाली. “तू घे.”

काकूनं तिच्या तोंडाकडे बघितलं. इतकी वर्षं समोरासमोर खेळल्यावर समोरच्या बाईच्या हातात काय आलंय ते कळतं. काकूला कळलं, हे मी शपथेवर सांगते. तिनं एक पत्ता ओढला, तो न बघता बाजूला ठेवला आणि म्हणाली, “अक्का, म्हशीला काय झालं ते सांगा की. दावणीवर आता एकच दिसती.”

आईनं म्हशीचं सांगितलं. पाळीपाळीनं सांगितलं, मधेमधे ‘मी काय करत न्हाय’ म्हणत. काकूनं कंपनीतल्या क्वार्टर्समध्ये राहायला जायचं चाललंय ते सांगितलं. ते ऐकून आईनं एक पत्ता ओढला आणि पुन्हा ‘मी काय करत न्हाय’ म्हणाली. आजूबाजूची टेबलं रिकामी होत गेली. पोरं जिंकत होती, हरत होती, उठत होती. या दोघींचं तेवढं काही संपत नव्हतं. मग घंटा झाली आणि पोरगा म्हणाला, “वेळ संपला. दोघीही बाद. टेबल मोकळं करा.”

काका उठले आणि काकूला म्हणाले, “चल.” काकूनं पत्ते गोळा केले. तिला आणखी काहीतरी बोलायचं होतं, तोंड उघडलंही होतं, पण आता खेळ नव्हता. ती गेली.

गाडी भवानीनगरला आली. तिथे वडिलांच्यानं राहवेना. त्यांनी मागच्या खुर्चीतून आईच्या हातातले पत्ते बघितले होते आणि इतक्या महिन्यांच्या हरण्यातून त्यांना बेडकी आणि कंदील एवढं ओळखू यायला लागलं होतं.

“दोन्ही आलं हुतं तुज्या हातात,” ते म्हणाले. “मारलं का न्हाईस?”

“मारलं असतं तर डाव संपला असता,” आई म्हणाली.

“मग? संपवायलाच आलतो की आपण,” वडील म्हणाले. काकू क्वार्टर्समध्ये राहायला गेली त्यालाही आता बरेच दिवस झाले, आणि वडील अजून आल्यागेल्याला सांगतात की हातातला डाव गेला, ऐन वेळेला हिला सुचलं न्हाय.